अर्ध्या कोयत्याचं वाचन

मी सिरसाळ्याच्या पलीकडच्या एका गावातल्या कॉलेजात मराठी शिकवायचे. नोकरीची निम्मी वर्षं रिकाम्या बाकांना शिकवण्यात गेली, असं मी म्हणते तेव्हा पुण्या-मुंबईकडचे लोक हसतात. त्यांना वाटतं, मी मुलांच्या दांड्यांबद्दल बोलतेय. आमच्याकडची गैरहजेरी वेगळी. दसरा झाला की गावोगाव ट्रक लागायचे. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, म्हातारी माणसं आणि माझे बी.ए.चे विद्यार्थी त्यात बसून पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांना ऊस तोडायला निघून जायचे. ते परत यायचे उन्हाळ्यात. विद्यापीठाची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे कारखाना आणि विद्यापीठ या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंच नसावं.

त्यामुळे आमच्या धंद्यात एक युक्ती रूढ झाली होती. अभ्यासक्रमातलं जे जड, जे हमखास परीक्षेला येणार, ते दसऱ्याच्या आत शिकवून मोकळं व्हायचं. कविता सोप्या, त्या मागं ठेवायच्या. नवीन आलेले प्राध्यापक शिस्तीत पहिल्या पानापासून सुरू करायचे आणि दिवाळीनंतर मोजक्या नोकरदारांच्या पोरांसमोर सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण शिकवत बसायचे. एका वर्षात त्यांना अक्कल यायची. मलाही तशीच आली.

दुष्काळी सालात आणखी एक गंमत व्हायची. गंमत म्हणायची म्हणून म्हणते. पाण्याविना ऊसच कमी, म्हणून कारखाने लवकर बंद व्हायचे आणि फेब्रुवारीतच वर्ग भरू लागायचा. बाहेरून कुणी पाहुणा आला तर म्हणायचा, वा, काय उपस्थिती आहे. आमचे शिपाईमामा मात्र भरलेला वर्ग बघून चुकचुकायचे.

अशाच एका सालात दुसऱ्या वर्षाला एक नवं पुस्तक लागलं. नाव सांगत नाही. लेखक हयात आहेत आणि आमच्या पोरांनी पुस्तकाबद्दल जे म्हटलं ते सगळंच त्यांना आवडेल अशी खात्री नाही. पुस्तक चांगलं होतं. शहरातला एक पत्रकार वर्षभर कमी मजुरीची कामं स्वतः करून बघतो, हॉटेलात भांडी घासतो, इमारतीवर राखणदार होतो, बाजारात पोती उचलतो आणि शेवटी तीन आठवडे ऊसतोडीच्या टोळीत राहतो, अशी त्याची मांडणी. मला ते फार आवडलं होतं. मी छप्पन साली धर्मांतर केलेल्या घरातली. आजोबा सालगडी, वडील पाटबंधारे खात्यात चौकीदार. पुस्तकात पोती उचलणाऱ्याच्या मानेचं वर्णन आहे, ते वाचताना मला आजोबांची मान दिसली होती. तेव्हा हे पुस्तक आमच्या वर्गात नुसतं उघडलं तरी पेट घेईल, अशी माझी भाबडी समजूत.

अंतर्गत गुणांसाठी मी पोरांना पुस्तकावर प्रतिसाद लिहायला सांगितला. गठ्ठा घरी नेला, चहा करून बसले आणि वाचता वाचता चहा गार झाला. पहिल्याने लिहिलं होतं, ‘लेखकाने कष्टकऱ्यांच्या वेदनेला वाचा फोडली आहे.’ दुसऱ्यानेही वाचाच फोडली होती. तिसरीने लिहिलं, ‘ऊसतोड कामगार हा अत्यंत हलाखीत जगतो. त्या लोकांची मुले शिक्षणापासून वंचित राहतात.’ ही तिसरी पोर स्वतः चौथीपर्यंत दर हंगामाला कारखान्यावरच्या कोपीत राहिलेली. कोपी म्हणजे चटईची आणि पाचटाची, उसाच्या वाळक्या पाल्याची, झोपडी. सगळ्या गठ्ठ्यात ‘ते लोक’, ‘त्यांचे जीवन’, ‘तो समाज’. आपलं असं कुणाचंच काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकाला उभं केलं. “तुझे आईवडील दरसाल कुठं जातात रे?”

“कारखान्याला, मॅडम.”

“मग हे ‘ते लोक’ कोण?”

तो जरा गोंधळला. मग मला समजावल्यासारखं म्हणाला, “मॅडम, आपलं लिवलं तर मार्क कापत्यात. गाइडात बी तसंच हाय.”

वर्ग हसला आणि मीही हसले. पण त्या उत्तराचा मला राग आला होता. पोराचा नाही, ज्यांनी त्याला हे शिकवलं त्यांचा, आणि त्यांत मीही असणार. मी गठ्ठा परत केला. म्हटलं, पुन्हा लिहा. पुस्तकातलं एक तरी वाक्य खोटं वाटलं तर तसं लिहा, खरं वाटलं तर का ते लिहा, आणि वाचा कुणीही फोडायची नाही.

मग जो तास झाला तसे तास नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळतात. सुरुवात गणेशने केली. गणेश मुकादमाचा मुलगा. मुकादम म्हणजे कारखान्याकडून पैसे घेऊन गावातल्या मजूर जोडप्यांना, म्हणजे कोयत्यांना, हंगामाआधीच आगाऊ मजुरी म्हणजे उचल देणारा आणि हंगामभर टोळी सांभाळणारा माणूस. गणेशने उभं राहून वाचलं, की लेखकाने मुकादमाला राक्षस केलंय, पण त्याची बाजू कुठेच विचारलेली नाही. “उचल घिऊन कोयता पळून गेला तर कारखाना मुकादमाच्या मानगुटीवर बसतो. पळून गेलेल्याचे पैसे कोण भरतं, हे ह्या पुस्तकात न्हाई.”

मागून कुणीतरी म्हणालं, “तुझ्या बापानं भरले का बे कवा?”

हशा झाला. तेवढ्यात मुलींच्या बाकावरून मंदा उठली. मंदा फार बोलणारी नव्हती. उंच, सावळी, कायम एकाच निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये. तिच्या घरचे गणेशच्या वडलांच्याच टोळीत जायचे. ती शांतपणे म्हणाली, “भरलेत. आमच्या शेजारच्याचे त्यांच्या बापानी भरलेत. पर वसूल बी केलेत.”

गणेश खाली बसला. त्याला राग आला नाही. उलट अर्ध्या वाक्यापुरतं तरी कुणी आपल्या बाजूनं बोललं म्हणून बरं वाटलेलं दिसलं.

मंदाने स्वतः एक पानभर लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे. ‘तीन आठवड्यांनी लेखकाला घरी जावेसे वाटले आणि ते गेले, हे मला पुस्तकातले सगळ्यात खरे वाटले.’ मी तिला विचारलं, हे टोमणा म्हणून लिहिलंस का? ती म्हणाली, “न्हाई मॅडम. त्येंनी खोटं लिवलं असतं तर राहिलो म्हणले असते.”

मी त्या आठवड्यात हवेत होते. स्टाफरूममध्ये ज्याला त्याला मंदाचं वाक्य ऐकवत होते. ही पोरगी एम.ए. करणार, पुढे माझ्याच खुर्चीत बसणार, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

दसऱ्याच्या आधी मंदा स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. “मॅडम, मी औंदा हंगामाला चालले.”

“तू? कावून?” माझ्याही तोंडून गावचाच शब्द निघाला.

तिने सांगितलं ते असं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून गाडी भरायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत शक्यतो कुणी घेत नाही. मंदाच्या आईचं पावसाळ्यात गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलं होतं. म्हणजे तिचे वडील लिंबाजी आता अर्धे उरले होते. उरलेला अर्धा मंदा होणार होती. भाऊ लहान, तो आईपाशी राहणार.

“परीक्षा?” मी विचारलं.

“पट्टा कवा पडतो त्याच्यावर हाय.” कारखान्याचा हंगाम संपला की पट्टा पडला म्हणतात.

मी दोन-चार गोष्टी बोलले, ज्या अशा वेळी आपण बोलतो. शिक्षणाचं महत्त्व वगैरे. तिने त्या अदबीने ऐकून घेतल्या. मग म्हणाली, “पुस्तक नेऊ का? लायब्ररीत एकच हाय, पर इथं आता वाचणार कोण?”

तिचं खरंच होतं. मी माझी स्वतःची प्रत दिली.

पुढचे तीनेक महिने मी नेहमीप्रमाणे बाकांना कविता शिकवल्या. त्या साली माजलगावच्या धरणात तळ दिसत होता. ज्यांच्या शेतात कालव्याचं पाणी यायचं आणि जे दुसऱ्यांकडून ऊस तोडून घ्यायचे, त्यांच्यातलेही काही ट्रकमध्ये चढले होते. आमच्या गल्लीत टँकर आला की प्राचार्यांच्या बायकोपासून सगळ्या हंडे घेऊन धावायच्या. मला मात्र सारखी मंदाची परीक्षा दिसत होती. संक्रांतीला जोडून सुट्टी आली, तेव्हा गणेशकडून पत्ता घेतला आणि एस.टी.ने कृष्णाकाठच्या त्या कारखान्यावर गेले. मुकादमाला भेटून परीक्षेपुरती तिला सोडवायची, असा माझा बेत होता.

कोप्यांच्या रांगेत मंदाला ओळखायला मला वेळ लागला. अंगावर वडलांचा जुना सदरा, डोक्याला फडकं, उसाच्या पात्यांनी दोन्ही हातांवर बारीक रेघा ओढलेल्या. तिने मला बघितलं आणि लाजली. वर्गात उशिरा आल्यावर लाजायची तशीच.

“पुस्तक वाचतेस का?” मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, काय हा प्रश्न.

शेजारच्या कोपीतून गंगाबाई नावाची एक वयस्क बाई हसत म्हणाली, “एकलीच कुठं वाचती? आमी समद्या वाचतो की.”

संध्याकाळी भाकरी थापताना मंदा मोठ्याने वाचायची आणि आसपासच्या कोप्यांतल्या बाया ऐकायच्या, असं त्यांचं चाललं होतं. ऊसतोडीचं प्रकरण दोनदा वाचून झालं होतं. मी माझ्या प्रवासाच्या पिशवीवर टेकले आणि म्हटलं, कसं वाटलं ते मलाही सांगा. मी आयुष्यभर प्रतिसाद-लेखन शिकवलं, पण असा प्रतिसाद वर्गात मिळाला नव्हता.

गंगाबाईंनी विचारलं, “ह्यो बाबा किती दिस हुता म्हणे?”

“तीन आठवडे,” मंदा म्हणाली.

“मंग तर पाव्हणाच की त्यो. आन त्याची बायको कुठं हुती?”

“शहरात, तिच्या घरी.”

“म्हंजी अर्धा कोयता,” गंगाबाई सगळ्यांकडं बघून म्हणाल्या. “अर्ध्याला मुकादमानं घेतलाच कसा? त्याच्या मोळ्या कोण बांधत हुतं, ते लिवलंय का?”

मंदाने पानं चाळली. लिहिलेलं नव्हतं. मी ते पुस्तक तीनदा वाचलं होतं, शिकवलं होतं आणि मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. बाया हसल्या, पण त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना त्या माणसाची काळजी वाटत होती, असं म्हटलं तरी चालेल. एकीने सुचवलं, टोळीतल्याच कुणा बाईनं आपल्या मोळ्यांबरोबर त्याच्याही बांधल्या असतील, दुसरं काय.

मग एक तरणी बाई, मांडीवर लेकरू, इतका वेळ गप्प होती ती म्हणाली, “ते न्हाणीचं वाच गं.” पुस्तकात एक लहानसा परिच्छेद आहे. टोळीतल्या बायकांना अंघोळीला आडोसा नसतो, त्या अंधार असतानाच उठून उरकतात, आणि हे आपल्याला पहिले दहा दिवस लक्षातच आलं नाही, असं लेखकाने लिहिलंय. मंदाने ते वाचलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी गंगाबाईंनी ती उलटली आणि म्हणाल्या, “हे बरं लिवलं त्यानं. हे कुणी लिवत न्हाई.”

मला वाटलं, त्या लेखकाला मिळालेले सगळे पुरस्कार या एका वाक्यावरून ओवाळून टाकावेत. हे त्यांना पत्राने कळवायचं मनात होतं, पण ते राहून गेलं.

मुकादम मला सकाळी भेटले. चहा मागवला, खुर्ची पुसून दिली. राक्षस वगैरे नव्हते, पोटऱ्या दुखणारे, बी.पी.ची गोळी खाणारे गृहस्थ होते. माझं सगळं ऐकून घेतलं.

“पोरगी हुशार हाय, मला कळतंय. माझा गण्या तुमच्याकडंच हाय. पर मॅडम, ती गेली की लिंबाजी अर्धा. त्याची गाडी भरायची कुणी?”

“परीक्षेपुरतं तरी सोडा.”

“तेवढे दिस ट्रक थांबतोय का? आन एकीला सोडलं तर बाकीच्यांस्नी काय सांगू? समद्यांच्याच घरी काय ना काय हाय.” त्यांनी कपातला चहा हलवला. “तुमी एक करा, देवाला सांगा. औंदा ऊस वाळून चाललाय. पट्टा लवकर पडंल. मग पोरगी आपसूक तुमच्याकडं येती.”

हे ते कपाळाला आठ्या घालून बोलले आणि मी मात्र मनातून खूश होऊन एस.टी.त बसले. त्या दिवसापासून मी पेपरात कारखाने बंद पडल्याच्या बातम्या आवडीनं वाचू लागले. कुठल्या तरी सहकारी कारखान्याने गाळप आवरतं घेतलं, अमक्या भागात ऊस संपला, हे वाचलं की मला हुरूप यायचा. आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याचा दोन एकर ऊस जळाला होता. तो बिचारा डोक्याला हात लावून बसलेला आणि मी त्याच्या शेजारी बसून पेपर वाचताना मंदाच्या परीक्षेचे दिवस मोजत होते. माणूस एखाद्याचं भलं चिंतायला लागला की बाकीच्या जगाकडं कसा बघतो, ते मला तेव्हा कळलं.

फेब्रुवारी संपता संपता पट्टा पडला. ट्रक आले. वर्ग भरला. शिपाईमामा चुकचुकले. मंदा निळ्या ड्रेसमध्ये पुन्हा तिच्या बाकावर येऊन बसली. मी जादा तास घेतले. गणेशने त्याच्या नोट्स तिला आणून दिल्या, आणि त्याच्या नोट्सनी ती पास होणार नाही म्हणून मी माझ्याही दिल्या. पेपर सुरू झाले.

शेवटच्या पेपरच्या दिवशी कॉलेजच्या आवारातल्या कडुलिंबाखाली लिंबाजी बसलेले दिसले. बारीक अंगाचा माणूस, टोपी गुडघ्यावर ठेवलेली. पोरीला न्यायला आले होते. मी मोठ्या उत्साहात त्यांच्याकडं गेले.

“बरं झालं बघा लिंबाजीभाऊ, पट्टा लवकर पडला. पोरीचं वर्ष वाचलं.”

“व्हय मॅडम,” ते उठून उभे राहत म्हणाले. “वाचलं.”

मी आणखी काहीतरी बोलले. ते ऐकत राहिले. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, “उचल मातर फिटली न्हाई. ऊसच न्हवता तर तोडायचं काय? राहिलेलं पुढल्या हंगामात तोडायचं, आसं ठरलंय. तिच्या मायला तर आता जमायचं न्हाई.”

म्हणजे पुढच्या दसऱ्याला अर्धा कोयता पुन्हा मंदाच. तिसरं वर्ष तिच्या वाट्याला नव्हतं. ज्या लवकर पडलेल्या पट्ट्याने तिचं हे वर्ष वाचवलं, त्यानेच पुढचं नेलं होतं. आणि मी देवाकडं तेच मागत होते.

“तिला आज सांगू नगा,” लिंबाजी म्हणाले. “दम काढून पेपर दिलेत तिनं. चार दिस खूश राहू द्या.”

तेवढ्यात घंटा झाली आणि मंदा बाहेर आली. पेपर चांगला गेला होता, ते लांबूनच दिसत होतं. लिंबाजींनी टोपी घातली आणि एकदम हसून तिला विचारलं, “काय, समदं लिवलं का? भूक लागली आसंल. गावात भजे खाऊन जाऊ.”

“समदं लिवलं, आबा.” मंदा त्यांच्याकडं बघून हसली आणि मग माझ्याकडं वळली. “मॅडम, पुढल्या सालाला कोणती पुस्तकं हायत?”

मी लिंबाजींकडं बघितलं. ते म्हणाले, “सांगा की, मॅडम.”

मी तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकांची नावं सांगितली. ती एकेक करून विचारत गेली. हे जाड आहे का, ते कशाबद्दल आहे, कादंबरी किती पानांची, नाटक आहे का. मी उत्तरं देत राहिले. लिंबाजी बाजूला उभं राहून सगळं मन लावून ऐकत होते, जणू पुस्तकं त्यांनाच वाचायची होती. मग दोघं फाटकातून बाहेर पडली. मी स्टाफरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, आणि तिथं कुणी नव्हतं म्हणून थोडी रडले.

मंदा चांगल्या गुणांनी पास झाली. तिसरं वर्ष तिने दोन हंगाम गेल्यावर बाहेरून दिलं, तेही पास झाली आणि आज एका अंगणवाडीत आहे. माझ्या खुर्चीत ती बसली नाही. तिची तशी इच्छा होती की नाही, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. पण हे सगळं नंतरचं.

त्या जुलैत प्रवेश सुरू होते. मंदा आली ती माझी प्रत परत करायला. पानांत पाचटाचे कण होते आणि न्हाणीच्या परिच्छेदावर पिठाची बोटं उमटली होती. मी धीर एकवटून म्हटलं, “मंदा, तुला एक सांगायचं होतं. पुढच्या हंगामाचं…”

“मला ठावं हाय, मॅडम.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई. तिकडं पट्टा पडला, तवाच कळालं. टोळीत समद्यांस्नीच कळालतं.”

मला परीक्षेचा तो दिवस आठवला. फाटकाजवळची ती दोघं, आणि तिचे ते न संपणारे प्रश्न. “अगं, मग त्या दिवशी एवढी पुस्तकांची नावं कशाला विचारत होतीस?”

मंदाने पुस्तक माझ्या टेबलावर नीट सरळ करून ठेवलं.

“आबा ऐकत हुते ना,” ती म्हणाली.